मेहनत मुरू द्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सायकल चालवून तब्येत कमावू पाहणारी मंडळी माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा मी त्यांना पहिला प्रश्न विचारते : आठवड्यातली तुमची सर्वांत सोपी फेरी कोणत्या दिवशी असते? बहुतेकांना हा प्रश्नच विचित्र वाटतो. पहाटे साडेचारला उठायचे, काळोखात दिवा लावून बाहेर पडायचे आणि तरीही धाप लागू द्यायची नसेल, तर उठायचेच कशाला? काल २५ किलोमीटरला ६५ मिनिटे लागली असतील, तर आज ६४ लागली पाहिजेत, अशी त्यांची जिद्द असते. ही जिद्द मला आवडते. पण चार-सहा महिन्यांनी याच मंडळींची तक्रार सुरू होते. वेळ कमी व्हायची थांबते, मग हळूहळू वाढू लागते. पाय जड होतात. रात्री झोप लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. घरातली माणसे म्हणतात, हल्ली यांची चिडचिड फार वाढली आहे. यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे आणखी थोडी मेहनत. आणि तिथेच गाडे रुतते.

ते का रुतते, हे समजून घ्यायचे तर सायकल चालवताना शरीरात काय होते ते पाहायला हवे. आपल्या स्नायूंमध्ये आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा असतो. साधारण माणसात तो सगळा मिळून ४००-५०० ग्रॅम भरतो. जोरदार फेरीत हा साठा झपाट्याने खर्च होतो. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. घामावाटे पाणी आणि क्षार जातात. म्हणजे फेरी संपवून तुम्ही सायकल जिन्याखाली लावता, त्या क्षणी तुम्ही घरातून निघालात त्याहून अशक्त झालेले असता. सायकलवर असताना ताकद वाढत नाही, ती खर्च होते. वाढते ती नंतर. तुम्ही आंघोळ करून, जेवून कामाला लागता, रात्री झोपता, तेव्हा शरीर डागडुजीला लागते. आणि ही डागडुजी करताना ते नुसते होते तसे करून ठेवत नाही, पुढच्या वेळी असाच ताण आला तर निभावता यावा म्हणून थोडे जास्तीचे बांधून ठेवते. रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू शकते. स्नायूंभोवती नव्या केशवाहिन्या तयार होतात. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढते. ज्याला आपण दम वाढला असे म्हणतो, तो हाच.

पोळ्या करणाऱ्या कुणालाही ही गोष्ट पटकन पटेल. कणीक मळून झाली की आपण लगेच लाटायला घेत नाही. तेलाचा हात लावून, झाकण घालून ती मुरू देतो. मळल्याशिवाय पोळी होत नाही हे खरे, पण नुसती मळतच राहिले म्हणून ती मऊ होत नाही. व्यायामाचेही तसेच आहे. मेहनत करावी लागते आणि मग ती मुरू द्यावी लागते.

ताण आणि शरीर यांच्या नात्याचा विचार शास्त्रीय रीतीने मांडण्याचे श्रेय हान्स सेल्ये यांच्याकडे जाते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात काम करणाऱ्या या डॉक्टरांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटेसे पत्र प्रसिद्ध केले. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यांना असे दिसले होते, की ताण थंडीचा असो, इजेचा असो वा अतिश्रमाचा, शरीराचा प्रतिसाद एका ठराविक क्रमाने जातो. आधी धक्का बसतो, मग शरीर जुळवून घेते, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी ते थकून हार मानते. खेळाच्या प्रशिक्षकांनी पुढे हा विचार उचलला. सगळ्या प्रशिक्षणाची कसरत एवढीच, की खेळाडूला दुसऱ्या पायरीवर ठेवायचे आणि तिसऱ्या पायरीवर जाऊ द्यायचे नाही.

यात अडचण अशी, की शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने सावरतात. नीट जेवण मिळाले तर ग्लायकोजेनचा साठा साधारण २४ तासांत भरून येतो. कसून केलेल्या व्यायामानंतर स्नायूंना पूर्ववत व्हायला दोन दिवस, कधी तीन दिवसही लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडर तर फारच सावकाश बळकट होतात. म्हणून नव्या उत्साहात दम लवकर वाढतो आणि गुडघे मात्र मागे राहून कुरकुर करू लागतात. इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. दुसऱ्या दिवशी पाय दुखले की लोक म्हणतात, लॅक्टिक आम्ल साचले आहे. तसे नसते. श्रमात तयार झालेले लॅक्टेट फेरी संपल्यावर तासा-दीड तासात निघून जाते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे हे तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे आणि तिच्या दुरुस्तीचे असते. काम चालू आहे, अशी ती पाटी समजा.

आता प्रश्न येतो तीव्रतेचा. फेरी सोपी की कठीण, हे ठरवायचे कसे? आज बाजारात छातीला बांधायचे पट्टे आहेत, मनगटावरची घड्याळे आहेत, आणि पायडलवर पडणारी ताकद वॅटमध्ये मोजणारी साधनेही आहेत. जर्मन अभियंता उलरिख शोबेरर यांनी १९८६ साली असे पहिले साधन तयार केले, त्याला आज बरीच वर्षे झाली. ही साधने उपयोगाची आहेत, पण ती नसली म्हणून काही अडत नाही. सर्वांत सोपे साधन तुमच्या तोंडात आहे. शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता येत असतील, तर फेरी सोपी आहे. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागत असेल, तर ती मध्यम आहे. ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलवत नसेल, तर ती कठीण आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाच्या जाणिवेला ६ ते २० असे आकडे देणारी मोजपट्टी तयार केली, ती जगभर डॉक्टर आणि प्रशिक्षक वापरतात. माणसाला आपण किती दमलो आहोत हे बऱ्यापैकी अचूक सांगता येते, हाच तिचा पाया आहे.

हृदयाच्या ठोक्यांवर भर देणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. २२० मधून वय वजा केले की जास्तीत जास्त ठोके मिळतात, हे सूत्र सर्वत्र सांगितले जाते. ते अगदी ढोबळ आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत १०-१५ ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. २००१ साली तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून सुधारित सूत्र मांडले : वयाला ०.७ ने गुणायचे आणि तो आकडा २०८ मधून वजा करायचा. साठीच्या माणसाला जुन्या सूत्राने १६० मिळतात, नव्याने १६६. पण हेही सरासरीचेच सूत्र आहे. घड्याळाचा आकडा आणि तुमचा श्वास यांत भांडण लागले, तर श्वासाचे ऐका.

या तीन पातळ्या समजल्या की बहुतेक हौशी सायकलस्वारांचे दुखणे लगेच लक्षात येते. ते रोज मध्यम पातळीवर असतात. फेरी अशी, की धाप तर लागते, पण जीव ओतावा लागत नाही. घाम भरपूर येतो, समाधानही मिळते. मात्र ती सावरण्याइतकी सोपी नसते आणि शरीराला नवे काही बांधायला भाग पाडण्याइतकी कठीणही नसते. स्टीफन सायलर हे नॉर्वेत काम करणारे अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ. दीर्घ पल्ल्याच्या खेळांतले अव्वल खेळाडू वर्षभर प्रत्यक्षात काय करतात, याचा त्यांनी अभ्यास केला. नौकानयनपटू, बर्फावर स्कीने धावणारे, सायकलपटू अशा सगळ्यांच्या सरावात त्यांना सारखीच विभागणी दिसली. साधारण ८० टक्के सराव सोपा, सुमारे २० टक्के कठीण. ज्यांचे पोट वेगावर चालते, ते आपला बहुतेक वेळ गप्पा मारता येतील अशा गतीने घालवतात. मधल्या पातळीवर किती वेळ द्यावा याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. सोप्या सरावाचा पाया मोठा असावा, याबद्दल मात्र फारसे दुमत नाही.

मग कठीण फेरीची गरजच काय, असे कुणी विचारील. गरज आहे, आणि ती दाखवणारा एक प्रयोग सायकलशीच संबंधित आहे. जपानचे शास्त्रज्ञ इझुमी ताबाता यांनी १९९६ साली तो प्रसिद्ध केला. शारीरिक शिक्षणाच्या तरुण विद्यार्थ्यांचे दोन गट त्यांनी जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवले. एक गट आठवड्यातून ५ दिवस रोज एक तास मध्यम गतीने पायडल मारी. दुसऱ्या गटाचा मुख्य सराव होता २० सेकंद सर्व ताकदीनिशी आणि १० सेकंद विश्रांती, असे ७-८ वेळा. म्हणजे जेमतेम ४ मिनिटे. सहा आठवड्यांनंतर प्राणवायू वापरण्याची क्षमता दोन्ही गटांत वाढली. पण प्राणवायू कमी पडत असताना जोर लावण्याची क्षमता पहिल्या गटात जवळजवळ वाढली नाही, दुसऱ्यात ती २८ टक्क्यांनी वाढली.

या प्रयोगाचा अर्थ पुढे अनेकांनी असा लावला, की ४ मिनिटांत काम होते, तासभर कोण घालवतो! पण ती ४ मिनिटे कशी होती? शेवटच्या फेऱ्यांना विद्यार्थ्यांचे पाय अक्षरशः थांबत. हे सगळे तरुण, निरोगी आणि व्यायामाची सवय असलेले होते. पन्नाशीला नव्याने सायकल घेतलेल्या माणसाने त्यांची नक्कल करू नये. प्रयोगातून आपण घ्यायचे ते इतकेच, की थोडा वेळ पण खरोखर कठीण श्रम केले तर शरीर वेगळ्या प्रकारे घडते. आणि असे श्रम ताज्या पायांनीच करता येतात. काल, परवा, तेरवा मध्यम गतीने दमलेल्या पायांना आज कठीण काम झेपत नाही. सोपी फेरी सोपी ठेवायची ती यासाठी.

नोकरी करणाऱ्या, आठवड्याला सहा-साडेसहा तास काढू शकणाऱ्या आणि किमान तीन-चार महिने नियमित सायकल चालवलेल्या माणसाला मी साधारण असा आठवडा आखून देते. सोमवारी सुट्टी. मंगळवारी एक तास : १५ मिनिटे सावकाश, मग ४ मिनिटे कठीण आणि ३ मिनिटे अगदी हलके, असे चार वेळा, आणि शेवटी पुन्हा १५ मिनिटे सावकाश. बुधवारी पाऊण तास सोपी फेरी. गुरुवारी एक तास, त्यात दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे थोड्या कमी तीव्रतेचे. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी पाऊण तास सोपी फेरी. रविवारी तीन तासांची लांब फेरी, पण बोलता येईल अशा गतीने. ही बेरीज साडेसहा तास होते, आणि त्यातला खरोखर कठीण वेळ फक्त ३६ मिनिटे आहे. नवख्यांनी गुरुवारची फेरीही सोपीच ठेवावी. तीन आठवडे असे केले की चौथ्या आठवड्यात एकूण वेळ निम्म्यावर आणावा. पन्नाशी ओलांडलेल्यांना दोन आठवड्यांनंतरच असा हलका आठवडा घेतलेला मानवतो. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. कठीण दिवसानंतर सोपा दिवस किंवा सुट्टी, हा क्रम मात्र मोडू नये.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात सर्वांत अवघड जाते ते हळू चालवणे. पुण्याहून खडकवासल्याकडे सकाळी निघालात, की मागून कुणीतरी येतो आणि घंटीही न वाजवता पुढे निघून जातो. त्याच्या मागे न जाण्यासाठी मोठा संयम लागतो. गटाने जाताना तर बोलता बोलता वेग वाढत जातो आणि सोप्या फेरीची शर्यत होते. यावर उपाय म्हणजे रस्ताच तसा निवडायचा. गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगडाकडे चढणारा घाट सोप्या दिवसासाठी नाही. तिथे हलका गिअर टाकला तरी धाप लागतेच. तो मंगळवारसाठी राखून ठेवा. सोप्या दिवशी सपाट रस्ता, हलका गिअर आणि मिनिटाला ८०-९० वेळा फिरणारे पाय एवढेच हवे. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या काळात हजारो माणसे रोज कारखान्यात, कचेरीत, कॉलेजात सायकलनेच जात. त्यांतले कुणी धापा टाकत कामावर पोचत नसे. ती सगळी सोपी फेरीच होती, आणि त्या सवयीने पिढ्यान्‌ पिढ्या पाय आणि छाती शाबूत राहिली.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. वय ४८, नोकरी बँकेत. आठवड्यातून सहा दिवस तोच रस्ता, तोच गट, तोच वेग आणि रविवारी घाट. वर्षभरात सुरुवातीला वजन उतरले, दम वाढला आणि मग सगळे उलटे फिरले. घाटात तीनदा उतरावे लागू लागले. सायकल विकून टाकायचे त्यांनी जवळजवळ ठरवले होते. आम्ही त्यांच्या सरावात काहीही वाढवले नाही. दोन दिवस काढून टाकले, दोन दिवसांचा वेग कमी केला आणि रात्रीच्या बातम्या बंद करून साडेदहाला झोपायचे ठरवले. पहिले दोन आठवडे ते अस्वस्थ होते. ‘मॅडम, फुकट बसल्यासारखे वाटते,’ असे म्हणत. तिसऱ्या महिन्यात ते न उतरता घाट चढले. एका माणसाच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण अशी माणसे मला पुन्हा पुन्हा भेटतात, आणि त्यांतली बरीचशी कुणाचा सल्ला मिळण्याआधीच सायकल अडगळीत टाकतात, याची हळहळ वाटते.

विश्रांतीच्या भीतीमागे एक समजूत असते, की दोन दिवस खंड पडला तर कमावलेले सगळे जाईल. तसे होत नाही. चांगला सराव असलेल्या खेळाडूंनी व्यायाम पूर्ण थांबवला तर काय होते, याचा अमेरिकेतले शास्त्रज्ञ एडवर्ड कॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला आणि तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी उतरली. दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर ७ टक्के! मग शुक्रवारच्या एका सुट्टीने काय जाणार? मोठ्या स्पर्धेआधीचे शास्त्र तर याहून पुढे जाते. २००७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर असे दिसले, की स्पर्धेआधी दोन आठवडे सरावाचा एकूण वेळ ४१ ते ६० टक्क्यांनी कमी केला, पण तीव्रता आणि फेऱ्यांची संख्या तशीच ठेवली, तर कामगिरी सर्वाधिक सुधारते. आपल्याकडे २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे फेऱ्यांना अनेक जण जातात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास अशी मुदत असते. त्याआधीच्या आठवड्यात ‘एकदा १५० करून बघतो’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

फ्रान्सच्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये २३ दिवसांत २१ टप्पे असतात आणि मधले दोन दिवस विश्रांतीचे. या दोन दिवशीही खेळाडू तास-दोन तास अगदी सावकाश सायकल चालवतात, म्हणजे पाय आखडत नाहीत. नाशिकचे महेंद्र आणि हितेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू २०१५ साली दोघांचा संघ करून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण करून आले. अशा जोडीच्या शर्यतीत एक जण सायकलवर असतो तेव्हा दुसरा विश्रांती घेत असतो. तो दुसरा किती चांगला सावरतो, यावर पुढच्या पाळीचा वेग ठरतो. विश्रांती हाही तिथे कामाचाच भाग असतो.

आता विश्रांती म्हणजे नेमके काय? पहिली गोष्ट झोप. गाढ झोपेत शरीर वाढीचे संप्रेरक सोडते आणि दुरुस्तीला वेग येतो. रात्री साडेअकराला झोपून साडेचारला उठणारा माणूस पाच तासच झोपतो. त्याने पहाटेची फेरी टाकून ती संध्याकाळी करावी, नाहीतर लवकर झोपावे. दुसरी गोष्ट अन्न. लांब किंवा कठीण फेरीनंतर तासाभरात पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने पोटात जावीत. त्यासाठी महागड्या पावडरींची गरज नाही. पोहे आणि दूध, केळे आणि अंडी, भाकरी आणि उसळ, वरण-भात आणि दही हे सगळे चालते. नियमित दमाचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला ती ७२ ते ९६ ग्रॅम होतात. आपल्या शाकाहारी ताटात एवढी भरायला डाळ, उसळ, दूध-दही जरा हात सैल सोडून वाढावे लागते. चतुर्थी-एकादशीचा उपवास असेल तर कठीण फेरी त्या दिवशी ठेवू नका. साबुदाण्याच्या खिचडीने पोट भरते, पण प्रथिने मिळतात ती त्यातल्या दाण्याच्या कुटापुरती. तिसरी गोष्ट पाणी. फेरीआधी आणि नंतर वजन करून पाहा. एक किलो कमी भरले तर साधारण एक लिटर पाणी गेले. उन्हाळ्यात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, म्हणून मे महिन्यात वेग कमी झाला तर तो आळस समजू नये.

चौथी गोष्ट सहसा कुणी मोजत नाही. शरीराच्या वहीत ताणाचे एकच खाते असते. सायकलचा चढ, कचेरीतली कटकट, आजारी आईची रात्रीची उस्तवार, सगळे त्याच खात्यात जमा होते. पहाटे उठून चार डबे करणारी, लोकलमध्ये तासभर उभी राहून कामाला जाणारी बाई संध्याकाळी सायकल काढते, तेव्हा तिचा अर्धा व्यायाम आधीच झालेला असतो. तिने शेजाऱ्याच्या वेळापत्रकाशी बरोबरी करू नये. मार्चअखेरीस रात्री नऊपर्यंत हिशेब जुळवणाऱ्यानेही त्या पंधरवड्यात फक्त सोप्या फेऱ्या माराव्यात. मेहनत कमी करणे म्हणजे शिस्त मोडणे नव्हे. आल्या दिवसाचा हिशेब ठेवणे हीही शिस्तच आहे.

अतिश्रमाच्या खुणा ओळखायला शिका. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच एक मिनिट नाडी मोजा. नेहमीपेक्षा ७-८ ठोके जास्त सलग दोन-तीन दिवस दिसले, सोबत झोप उडाली असेल, भूक मंदावली असेल, मन लागत नसेल, तर दोन दिवस सायकलला हात लावू नका. ओढाताण थोडी असेल तर काही दिवसांत माणूस ताजा होतो. तिकडे दुर्लक्ष केले तर आठवडे जातात, आणि खरा अतिप्रशिक्षणाचा विकार जडला तर सावरायला कित्येक महिने लागतात. हा विकार नक्की सांगणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. म्हणून थकवा हटत नसेल तर रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह यांपैकी काही नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

आणि काही बाबतींत तर तडजोडच नको. घाम काढला की ताप उतरतो, ही समजूत धोक्याची आहे. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा वेळी केलेले श्रम जिवावर बेतू शकतात. ताप असेल तोवर सायकल बंद, आणि उतरल्यावरही काही दिवस फक्त सोपी फेरी. छातीत दुखले, घेरी आली, श्वास नेहमीपेक्षा वेगळा कोंडला, तर तिथेच उतरा आणि थेट डॉक्टर गाठा. चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी, घरात हृदयविकार असलेल्यांनी कठीण फेऱ्या सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी.

एक साधी वही करा. रोज तीन नोंदी पुरेत : सकाळची नाडी, झोपेचे तास आणि त्या दिवशीची फेरी सोपी, मध्यम की कठीण. महिन्याने ती वही उघडून पाहा. ‘मध्यम’ हा शब्द पानभर दिसला, तर येत्या आठवड्यात त्यातल्या एका फेरीत थोडा जोर वाढवा, बाकीच्यांचा निम्म्याने कमी करा आणि एखादी सरळ खोडून त्या दिवशी तास-दीड तास जास्त झोपा. सहा-आठ आठवडे एवढे पाळा आणि मग त्याच रस्त्यावर घड्याळ लावा.